बाजार केवढा आहे?

कर्जाच्या अर्जासोबत जो प्रकल्प अहवाल द्यावा लागतो, त्यात 'बाजारपेठेचा अभ्यास' नावाचं एक पान असतं. आमच्या बचत गटाच्या अहवालात नेमकं तेच कोरं राहिलं होतं. बाकीची पानं मी भरून टाकली होती: शिलाई मशीन किती, चामडं किती, मजुरी किती, स्वतःचं भांडवल किती. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात माझी काही वर्षं गेली आहेत, त्यामुळे आकड्यांचं भय नाही. पण बाजार केवढा, ग्राहक कोण, स्पर्धक कोण, मागणी वर्षाला किती टक्क्यांनी वाढते, हे कुठल्या कीर्दखतावणीत सापडायचं? गटातल्या बायकांनी एकमुखानं हे काम माझ्या गळ्यात घातलं. माझी पात्रता दोन गोष्टींची: बी.कॉम.ची पदवी आणि मोबाइलवरचा रोजचा दोन जीबी डेटा.

आम्ही कोल्हापुरी चपला करतो, निपाणीत. हे ऐकलं की बाहेरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे मग कोल्हापूरच्या नव्हेत?" कोल्हापूर इथून चाळीसेक किलोमीटरवर, बेळगाव पंचाहत्तरवर. मधे कोगनोळीचा टोलनाका आणि राज्याची हद्द. सासऱ्यांच्या आधीपासून घरात हेच काम आहे. पुरुष तळ कापतात, थर चढवतात. आम्ही बायका वेण्या घालतो, पट्ट्यांवरची शिलाई करतो. व्यापारी येतो, माल उचलतो, आपला शिक्का मारून पुढं धाडतो. पुढं म्हणजे कुठं, ते आम्हाला ठाऊक नाही. गटाला आता स्वतःच्या नावानं विकायचं होतं, आणि ज्याला विकायचं तो गिऱ्हाईक आमच्यापैकी कुणी धड पाहिलेलाच नव्हता.

तेव्हा बसले मोबाइल घेऊन. 'कोल्हापुरी चप्पल मार्केट साइझ' असं इंग्रजीत टाकलं. पहिल्या पानावर जगभरच्या चामडी पादत्राणांवरचे अहवाल आले. एकेका अहवालाची किंमत हजारांत, तीही डॉलरमध्ये. आमचा सगळा अर्ज ज्या रकमेचा, तिचा चांगलाच लचका एका अहवालानं तोडला असता. फुकटात दिसतो तो वरचा उतारा: बाजार आज इतक्या अब्ज डॉलरचा, दहा वर्षांनी तितक्याचा, वार्षिक वाढ इतके टक्के. दुसऱ्या कंपनीचा अहवाल उघडला तर आजचाच आकडा वेगळा. तिसऱ्या कंपनीचा त्याहून वेगळा. आजच्या बाजाराबद्दल तिघांचं जमत नाही, पण दहा वर्षांनंतरचं मात्र तिघंही दशांश चिन्हासकट सांगतात.

मग मोबाइलमधल्या एआयला विचारलं. त्यानं लगेच कोटींतला एक गोल आकडा दिला. कुठला म्हणून विचारलं तर माफी मागून दुसरा दिला. मी दोन्ही वहीत लिहून घेतले आणि वही मिटली.

सासरे दाराशी बसून रापीला धार लावत होते. "काय बघालीस एवढं त्यात?"

"बाजार हुडकालोय, मामा."

"बाजार त्यात असतोय व्हय? आन् कुठला बाजार? बापयांचा का बायकांचा? कापशी का साधी? लगीनसराईचा का बारमाही? कुठल्या गावचा, किती नंबरचा, ते तरी सांग."

बोलायचं म्हणून ते बोलले आणि पुन्हा रापीकडे वळले. पण मला एकदम हाताला धागा लागल्यासारखं झालं. 'बाजार केवढा' या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. मामांच्या प्रश्नांतल्या निदान निम्म्यांची उत्तरं कुठं ना कुठं असायला हवी होती. वही उघडली आणि एकेका पानावर एकेक प्रश्न लिहिला: माप. भाव. कर. मोसम. तक्रारी. कोण विकतं. कोण विकत घेतं.

माझं कॉलेज देवचंद कॉलेज. निपाणीला खेटून आहे, पण आहे अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुका, जिल्हा कोल्हापूर, महाराष्ट्र. कर्नाटकातल्या घरातून डबा घेऊन निघायचं आणि महाराष्ट्रातल्या वर्गात जाऊन बसायचं, यात आम्हा निपाणीकरांना काही विशेष वाटत नाही. तिथल्या माझ्या जुन्या मॅडमना फोन केला. त्यांनी एकच गोष्ट सांगितली: "आकडा छापला कुणी ते बघू नकोस, मोजला कुणी ते बघ. आणि मोजणारा सापडला की त्याच्याच दारात जा." शिवाय 'शोधगंगा' हे नाव दिलं. देशभरच्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध तिथं फुकट वाचता येतात, हे मला माहीतच नव्हतं.

शोधगंगेवर चपलांच्या धंद्यावरचे प्रबंध मिळाले. त्यातले भाव जुने, मजुरी जुनी. पण एका जोडाला कच्चा माल काय काय लागतो, कारागीर उधारीत कसा अडकतो, व्यापाऱ्याकडून किती सुटतात, हे तक्त्यांसकट मांडलेलं. आमच्याच घरातला हिशेब कुणी परक्या माणसानं लिहून ठेवावा तसं वाटत होतं. फक्त एक होतं. मी उघडलेल्या बहुतेक प्रबंधांची पाहणी कोल्हापूर जिल्ह्याच्या हद्दीवर येऊन थांबली होती. कागलपर्यंत सगळं, पुढं कोरं. हद्दीच्या अलीकडचं पाहिजे तर 'अथणी' असं वेगळं शोधावं लागतं. तिथल्या कारागिरांना एकत्र आणून उभ्या राहिलेल्या 'टो-होल्ड' या उपक्रमावर व्यवस्थापनशास्त्रातले लेख आहेत, पण ते इंग्रजीत आणि वेगळ्या कप्प्यात. एकच चप्पल, एकच कातडं, एकच वेणी. अभ्यास मात्र दोन राज्यांचे दोन. हा अनुभव पुढं पावलोपावली यायचा होता.

भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीकडे मी वळले ती याच कारणानं. कोल्हापुरी चपलेला हे मानांकन २०१८-१९ या वर्षात मिळालं, हे ऐकून होते. त्याचा अर्ज आणि जर्नल सरकारच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुलं आहे, हे नव्यानं कळलं. उघडलं तर आठ जिल्ह्यांची नावं: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. अर्जदार दोन सरकारी महामंडळं, महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर. ते पान मी गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं. "म्हणजे आपली पण कोल्हापुरीच की!" असं एकीनं लिहिलं, आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. त्या जर्नलात प्रकारांची वर्णनं आहेत, चामडं कमावायची वनस्पतिजन्य पद्धत आहे, परंपरा आहे. अहवालात 'उत्पादनाचं वेगळेपण' नावाची जी चौकट असते, तिचा मजकूर बसल्याजागी तयार झाला, आणि तोही सरकारी शिक्क्याचा. शिवाय कळलं की मानांकनाचं नाव वापरण्यासाठी 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते, आणि तिचं शुल्क २०२० च्या नियमदुरुस्तीत ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणलं आहे. दहा रुपयांची ही बातमी आमच्या गल्लीत पोचायला माझ्यापुरती तरी इतकी वर्षं लागली.

पुढचं पान होतं 'कोण विकत घेतं'. परदेशी माल जातो एवढं ऐकलेलं. इथं मला सहा आकडी क्रमांकांच्या दुनियेची ओळख झाली. जगातल्या प्रत्येक वस्तूला सीमाशुल्काच्या कागदांत एक क्रमांक असतो, आणि पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखेच. पादत्राणांचा विभाग ६४. त्यात खाली खाली जात ६४०३२० वर आले. इंग्रजी मजकूर दोनदा वाचला आणि मराठीत मामांना वाचून दाखवला: "ज्याचा बाहेरचा तळ चामड्याचा आहे आणि वरचा भाग पावलावरून व अंगठ्याभोवती जाणाऱ्या चामडी पट्ट्यांचा आहे असं पादत्राण."

मामांनी हातातलं काम थांबवलं. "ही आपलीच की. कानांचं तेवढं लिहायचं ऱ्हायलंय."

हा क्रमांक हाती आला की कुलपं उघडतात. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राचं 'ट्रेड मॅप' नावाचं ठिकाण आहे. नाव नोंदवलं की सहा आकडे टाकून कुठल्या देशानं कुठून किती माल घेतला, ते वर्षावर्षाचं दिसतं. आपल्या वाणिज्य मंत्रालयाच्या निर्यात-आयातीच्या तक्त्यांत तेच आठ आकड्यांपर्यंत खोल जातं. पहिल्यांदा ते तक्ते पाहिले तेव्हा डोकं गरगरलं. रक्कम हजार डॉलरमध्ये की लाख रुपयांत, हे कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतं. आर्थिक वर्ष एप्रिलपासून की जानेवारीपासून, हेही वेगवेगळं. आणि क्रमांकाची मर्यादा तिथंच कळली: आमच्यासारखीच अंगठ्याची, पण रबरी तळाची चप्पल दुसऱ्या क्रमांकात जाते, आणि दुसऱ्या कुठल्या तरी देशातली तसल्याच पट्ट्यांची सँडल मात्र आमच्या क्रमांकात येऊन बसते. शिवाय देशाचा आकडा मिळतो, जिल्ह्याचा वाटा या तक्त्यांत नाही. तरी माल घेणारे देश कोण आणि ते गेल्या काही वर्षांत वाढले की घटले, एवढं सांगता येईल इतकं पाणी त्या विहिरीला होतं.

देशातल्या गिऱ्हाइकाचं काय? त्यासाठी जनगणना उघडली. 'निपाणी तालुका' शोधला तर नाहीच! बराच वेळ चाळत बसले. मग लक्षात आलं की निपाणी वेगळा तालुका झाला २०१८ च्या सुमारास, आणि शेवटची जनगणना २०११ ची. म्हणजे आम्ही अजून चिकोडी तालुक्यातच मुक्कामाला. जिल्ह्याचं इंग्रजी नावही जुन्या तक्त्यांत 'बेलगाम' आणि २०१४ च्या नोव्हेंबरनंतरच्या कागदांत 'बेळगावी', त्यामुळे एका नावानं शोधलं की निम्मे कागद निसटतात. २०११ चा आकडा सांगतो की जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजार आणि निपाणी शहराची सुमारे ६३ हजार. पुढची गणना २०२७ ची. तोवर यावरच भागवायचं. पण त्याच जनगणनेत मातृभाषेचा तक्ता आहे, तालुक्यापर्यंतचा. खोक्यावरचा मजकूर कुठल्या भाषांत छापायचा, यावर गटात जी वादावादी चालली होती ती त्या तक्त्यानं मिटवली. मराठी आणि कन्नड दोन्ही, बाहेरगावच्यांसाठी इंग्रजी.

लोक महिन्याला किती खर्च करतात, हे सांख्यिकी मंत्रालयाच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत मिळालं. २०२३-२४ मध्ये देशात माणशी महिन्याचा सरासरी खर्च खेड्यात ४,१२२ रुपये आणि शहरात ६,९९६. त्यात पादत्राणांचं सदर स्वतंत्रपणे विचारतात, आणि कपडे-चपलांचा खर्च महिन्याचा न विचारता गेल्या ३६५ दिवसांचा विचारतात, कारण माणूस दर महिन्याला चप्पल घेत नाही. हे वाचलं आणि वाटलं, ही पाहणी करणाऱ्याला धंदा कळतो. आम्हीही तसाच विचार करायला हवा होता: जोड विकला की ते गिऱ्हाईक वर्षभर परत येत नाही, म्हणजे गिऱ्हाईक टिकवण्यापेक्षा त्याच्या मावशीपर्यंत, शेजाऱ्यापर्यंत पोचणं महत्त्वाचं.

सगळ्यात जास्त घाम फोडला तो करानं. 'चपलेवर जीएसटी किती' एवढाच साधा प्रश्न. एक पान म्हणतं ५ टक्के, दुसरं १२, तिसरं १८. तिन्ही पानं नीटनेटकी, आत्मविश्वासानं लिहिलेली. मग एकेकाची तारीख बघत गेले तेव्हा उलगडा झाला. आधी हजार रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के होते. १ जानेवारी २०२२ पासून ते १२ झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडाला पुन्हा ५ टक्के आणि त्यावर १८. म्हणजे आपापल्या दिवशी तिघंही खरे होते. जुनी पानं कुणी काढून टाकत नाही, आणि शोधयंत्राला शिळं-ताजं कळेलच असं नाही. तेव्हापासून करासंबंधी काहीही वाचायचं झालं तर आधी तारीख आणि मग सरकारी अधिसूचना, असा शिरस्ताच पडला.

पण सीमेवरचा खरा पेच पुढं होता. वर्षाची उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या, जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन बाजारात माल विकता येतो. हे वाचून हरखले. खालची अट वाचली तर माल राज्याच्या आतच विकायचा. म्हणजे निपाणीतून पावणेसहाशे किलोमीटरवरच्या बंगळूरला चालेल, पण चाळीस किलोमीटरवरच्या कोल्हापूरला नाही! हस्तकलेच्या वस्तूंना आंतरराज्य विक्रीत वेगळी सवलत आहे आणि त्यासाठी वस्तूंची यादी आहे, हेही सापडलं. मात्र कायद्याची भाषा अशी की एक कलम दुसऱ्याकडे बोट दाखवतं आणि दुसरं तिसऱ्याकडे. तिथं मोबाइल बाजूला ठेवला आणि कागद सीएकडे नेले. कुठं थांबायचं आणि कुणाकडे जायचं हे कळणं, हाही शोधाचाच भाग.

मोसमाच्या पानासाठी गूगल ट्रेंड्स उघडलं. काय शोधलं जातंय त्याची रेषा ते काढून दाखवतं. २०२५ च्या जूनअखेर 'कोल्हापुरी चप्पल'ची रेषा ताडकन वर गेलेली. कारण सगळ्यांना ठाऊक आहे: मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या बड्या फॅशन कंपनीनं आमच्यासारखी चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता, आणि इकडे गहजब झाला. रेषा बघून गटातली एक म्हणाली, "मागणी दहापट झाली की गं!" पण ट्रेंड्सचा आकडा माणसांची संख्या सांगत नाही, निवडलेल्या काळातला सगळ्यात वरचा बिंदू १०० धरून बाकीचं त्याच्या प्रमाणात दाखवतो. शिवाय शोधणारे चप्पल घ्यायला आले होते की भांडण वाचायला, हे रेषेत दिसत नाही. तो महिना वगळून मागची पाच वर्षं पाहिली, तेव्हा सण आणि लगीनसराईकडे चढणारी रेषा ओळखीची वाटली. मामांच्या डोक्यात ती आधीपासून होतीच.

त्या वादाचा शेवट मात्र कामाचा निघाला. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडानं लिडकॉम आणि लिडकर या दोन्ही महामंडळांशी करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून २,००० जोड करून घ्यायचे, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. आमचा जोड काही त्या दुकानात जाणार नाही. पण करारात दोन्ही राज्यं आहेत, ही गोष्ट मी अहवालात एका ओळीत लिहिली. निपाणीचा पत्ता बघून कपाळाला आठी घालणाऱ्याला ती पुरेशी होती.

इतकं सगळं झाल्यावर सगळ्यात उपयोगी माहिती मिळाली ती सगळ्यात बिनभांडवली जागी. ऑनलाइन दुकानांत लोक मालाखाली जे अभिप्राय लिहितात, तिथं. कौतुकाचे सोडले आणि एक-दोन चांदण्यांचे तेवढे वाचत गेले. वहीत रकाने पाडले आणि प्रत्येक तक्रार आपापल्या रकान्यात टाकली. अंगठ्याला लागली. घट्ट झाली, एक नंबर मोठी मागवा. पावसात भिजून फुगली. रंग पायाला लागला. चामडं म्हणून रेक्झिन पाठवलं. आणि एक गमतीची: 'चालताना करकर वाजते.' म्हणजे ज्या आवाजासाठी आमच्याकडे लोक जादा पैसे मोजतात, तो कुणाला तरी बिघाड वाटतो!

रकाने मोजले तर लागण्याची आणि मापाची तक्रार बाकी सगळ्यांच्या पुढं. मामांना सांगितलं. ते म्हणाले, "आगं, नवी चप्पल तेल न लावता घातली तर लागणारच. त्यांस्नी कुणी सांगितलंच न्हाई." खरंच, कुणीच सांगितलेलं नव्हतं. तेल कुठं लावायचं, पहिले काही दिवस घरात किती वेळ घालायची, भिजली तर सावलीत कशी वाळवायची, ही आमच्या घरात न बोलता कळणारी गोष्ट पुण्याच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचलेलीच नाही. खोक्यात टाकायची चिठ्ठी तिथं जन्माला आली.

मापाच्या तक्रारीचा माग काढताना चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेपर्यंत पोचले. त्यांनी डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांची पावलं मोजली. आपण जे नंबर वापरतो ते इंग्रजांच्या मापाचे, आणि आपली पावलं त्या मापापेक्षा रुंद. म्हणून लोक लांब चप्पल घेतात आणि ती मागं लोंबते, नाहीतर बोटाला आवळते. या पाहणीवरून 'भ' नावाची भारतीय मापांची नवी पद्धत सुचवली गेली आहे, भारताचा भ. बाईचा पाय सर्वसाधारणपणे ४ ते ६ नंबरच्या चपलेत बसतो आणि पुरुषाचा ५ ते ११, हेही त्यातच आलं. घरातले लाकडी साचे काढून मी पट्टी लावली. आम्ही पुढून रुंदच ठेवतो. गावाकडच्या पायांवर बेतलेला हात आहे. पण ऑनलाइन दुकानाच्या मापतक्त्यात रुंदीचा रकानाच नसतो, फक्त लांबी. आमच्या मालाची खरी खुबी ज्या रकान्यात दिसायची, तो रकानाच कुणी आखलेला नाही. आम्ही तो आमच्या तक्त्यात आखला: कागदावर पाऊल ठेवा, पेन्सिल फिरवा, लांबी इथं, रुंदी इथं.

अधूनमधून भरकटलेही. १८८४ सालचा बेळगावचा इंग्रजी गॅझेटिअर स्कॅन केलेला सापडला. व्यापार आणि बाजारगावांची माहिती वाचता वाचता संध्याकाळ उलटली आणि अहवालासाठी एक ओळही निघाली नाही. त्याचं दुःख नाही. दुसऱ्या बाजूला लिडकरची काही माहिती कन्नडमध्येच मिळाली. माझं कन्नड बाजारापुरतं, तिथं कन्नड माध्यमात शिकणारा भाचा कामी आला. तो वाचायचा, मी मराठीत उतरवून घ्यायची, आणि मधेच मामा दोघांनाही दुरुस्त करायचे.

अखेर जे पान तयार झालं त्यात अब्ज डॉलर नाहीत. आमचा माल कुठल्या मानांकनाखाली येतो, अडीच हजारांच्या आत भाव ठेवला तर कर किती, कुठल्या महिन्यांत शोध वाढतो, स्पर्धकांच्या गिऱ्हाइकांची मुख्य तक्रार कोणती आणि ती आम्ही कशी टाळणार, पहिल्या वर्षी किती जोड आमच्या हातून होऊ शकतात, एवढंच आहे. प्रत्येक ओळीसमोर आकडा कुणाचा आणि कुठल्या सालचा ते लिहिलंय. अर्ज दिलाय, निर्णय यायचाय.

मधल्या काळात अक्कोळच्या एका गटातली बाई विचारत आली. त्यांना गुळाची पावडर विकायची आहे, आणि त्यांचंही तेच पान कोरं. तिला मी जे सांगितलं तेच इथं सांगते. विकत मिळणाऱ्या अहवालांच्या मागं लागू नका. पहिल्यांदा पानाची तारीख बघा, मग मोजणाऱ्याचं नाव. मोठा प्रश्न फोडून लहान करा. घरातलं जुनं माणूस तो सहज फोडून देतं. दुसऱ्याच्या मालाखालच्या तक्रारी वाचा आणि मोजा. आणि आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसानं तर कुठलीही गोष्ट एकदा शोधून थांबू नये. कोल्हापूर म्हणून शोधलंत की बेळगाव म्हणूनही शोधा, मराठीत बघितलंत की कन्नडमध्येही बघा, महाराष्ट्राचा नियम वाचलात की कर्नाटकाचाही वाचा. आपला निम्मा बाजार कायम पलीकडच्या राज्याच्या फायलीत असतो.